नमुन्याचा हात

डान्स क्लासच्या ग्रुपवर मॅडमचा मेसेज आला की मला राग यायचा. दोन वर्षं हेच चाललं होतं. क्लासचाच टी-शर्ट पाहिजे, त्याच्यासारखा दुसरा चालणार नाही. खाली काळी लेगिंग, तीही घोट्यापर्यंत, पोटरीपर्यंतची नको. केसांचा अंबाडा, त्यावर जाळी, आणि जाळीबाहेर एक बट दिसली तर पोर दाराशी उभी. केसांना तेल नको. हातावर मेंदी नको. पायातला काळा दोरा काढून पाठवा. आता मी पिशोरची. आमच्याकडं लेकराला नजर लागू नये म्हणून पायात दोरा बांधतात, आणि ही बाई फोनवरून सांगते की तो कापा, लाइन बिघडते. कशाची लाइन, तर आठ वर्षांच्या पोरींच्या पायांची.

तरी मी सगळं ऐकलं. दोरा काढून देवाच्या डबीत ठेवला, तेल रविवारवर नेलं. कारण माझी पोर. शाळेत ती तोंड उघडत नव्हती. बाई दर वेळी सांगायच्या, अभ्यासात हुशार आहे पण बोलत नाय, कोपरा धरून बसते. आणि तीच पोर क्लासमध्ये पहिल्या ओळीत, अगदी मधोमध उभी राहायची. तिला स्टेप कधी चुकायची नाही. बाकीच्या पोरी विसरल्या की तिच्या पायांकडं बघायच्या. घरी भाकरी खाताना ती मांडीवर बोटांनी पाच-सहा-सात-आठ मोजायची, झोपेतही मोजायची. बजाजनगरात आमच्या दोन खोल्या, पुढच्या खोलीत माझं शिलाई मशीन. मशीन आणि पलंग यांच्यामध्ये फरशीचे चार तुकडे मोकळे राहतात, तेवढ्यात तिचा सगळा नाच बसायचा. पहिल्या ओळीतली ती मधली जागा तिनं स्वतः कमावली होती. आम्ही तिला काही फार दिलं नव्हतं, ती जागा तेवढी तिची होती.

वर्षाचा कार्यक्रम शहरातल्या नाट्यगृहात ठरला. नाच चांदण्यांचा. चंदेरी फ्रॉक, बिनबाह्यांचा, गुडघ्यापर्यंत. पालकांची मीटिंग झाली तेव्हा दोन-तीन आयांनी कुरकुर केली की एवढ्या लोकांसमोर पोरींचे हातपाय उघडे नको. त्यात मीही होते. मॅडम वैतागल्या. म्हणाल्या, चांदणीला काय पंजाबी ड्रेस घालू का मी. आणि तेव्हा, सांगायला लाज वाटते पण सांगते, तोडगा मी काढला. मी ब्लाऊज शिवते, पंधरा वर्षं झाली, त्यामुळं असल्या बाबतीत बोलायची मला भारी हौस. मी उठून म्हणलं, "आतून स्किन कलरचं इनर घाला की. पूर्ण बाह्यांचं, घोट्यापर्यंत. अंग झाकतं आणि झाकलेलं दिसतही नाही."

मॅडमना ते इतकं पटलं की त्याच दिवशी तो नियम झाला. सगळ्या पोरींना स्किन कलरचं इनर, एकाच दुकानातून, एकाच रंगाचं. आया माझ्याकडं कौतुकानं बघत होत्या. मी पण मान ताठ करून घरी आले.

इनर आलं. शनिवारी दुपारी मी पोरीला ते घालून बघितलं. ताणणारं नायलॉनचं कापड, फिकट गुलाबी, उकडलेल्या कोळंबीसारखं. तिला मापानं अगदी नीट बसलं. वरून फ्रॉक चढवला, केस बांधले आणि कपाटाच्या आरशापुढं उभी केली. माझी पोर सावळी. सावळी तरी कशाला म्हणू, काळी आहे, तिच्या बापासारखी, लासूरकडच्या त्यांच्या सगळ्या घराण्यासारखी. आरशात गुलाबी बाही मनगटापाशी संपत होती आणि तिथून पुढं तिचा हात सुरू होत होता. दोन्ही हात कुणी दुसऱ्याच माणसाचे आणून जोडल्यासारखे दिसत होते. मान पण तशीच.

ती थोडा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "मम्मी, थांब, हात धुवून येते."

मला वाटलं चिक्की खाल्ली होती, चिकट झाले असतील. मी फ्रॉकची दोरी शोधत बसले. बराच वेळ झाला, ती येईना, म्हणून बघायला गेले. मोरीत पाणी चालू होतं आणि ती टाच घासायच्या दगडानं हाताची मागची बाजू घासत होती. बाही भिजू नये म्हणून कोपरापर्यंत वर सरकवलेली. कातडी लाल झाली होती. मला बघून म्हणाली, "निघत नाय लवकर."

मी दगड तिच्या हातातून घेतला. काय बोलले ते आठवत नाही. खोबरेल तेल लावलं, रविवार नसताना.

सोमवारी तालमीला तिला तसंच घेऊन गेले. दुसरं काय करणार होते. मॅडमनी सगळ्यांना इनरवर उभं केलं, दोनदा नाच घेतला, आणि तिसऱ्यांदा माझ्या पोरीचा दंड धरून तिला तिसऱ्या ओळीत नेऊन उभं केलं, अगदी कडेला. मधल्या जागी दुसरी पोर. ती बिचारी सहाव्या मोजणीलाच गडबडली आणि सवयीनं बाजूला बघायला लागली, पण बाजूला आता माझी पोर नव्हती.

तालीम संपल्यावर मी मॅडमना गाठलं. मॅडम वाईट बाई नाहीत, हे मला आधीच सांगू द्या. पोरींवर हात उचलत नाहीत, एखादीला बरं नसलं तर घरी फोन करतात. त्या अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "ताई, हिला जरा मागं घेतलंय. समोरून लाइट पडला की बाही एक आणि हात एक दिसतो. सगळ्यांचा डोळा तिथंच जातो."

"मग?"

"मग काय, तुम्ही असं करा ना. त्या दिवशी हिच्या हाताला, मानेला, तोंडाला दोन शेड वरचं फाउंडेशन लावा. इनरला मॅच होईल. मग पुढं उभी करते."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी म्हणलं, "मॅडम, मी शिवणकाम करते. अंगाला कपडा बसला नाय तर आम्ही कपडा उसवतो. अंग नाय उसवत."

"ताई, तुम्ही इमोशनल होताय. कल्पना तर तुमचीच होती." हे त्यांनी अगदी बरोबर जागी मारलं. "आणि ग्रुपवर स्पष्ट लिहिलंय. स्किन कलर. एकाला सूट दिली की सगळे मागतात."

"सूट नाय मागत मी. स्किन कलरच घालते. पण हिच्या."

"तसं काही मिळत नाही बाजारात," त्या म्हणाल्या, आणि चावी शोधायला लागल्या.

घरी आले ती धुमसत आले. हे पहिल्या पाळीवरून आले होते, चहा पीत होते. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "कंपनीत आम्हाला निळा युनिफॉर्म देतात. पण त्याला निळाच म्हणतात. ही तुझी कातडी आहे असं अजून तरी कोणी सांगितलं नाय." आणि परत कप उचलला. यांचं असंच आहे. माझं डोकं फुटायची वेळ येते तेव्हा हे एक वाक्य बोलतात आणि चहा पितात.

रागारागात मी मशीनवर बसले. दुसऱ्या दिवशी एका ब्लाऊजची डिलिव्हरी होती. अस्तराचा तागा ओढला, आणि हात तसाच राहिला. तो तागा स्किन कलरचा होता. माझ्या घरात तो कायम असतो. जाळीच्या, पारदर्शक कापडाच्या बाह्यांना मी आतून तोच लावते. पंधरा वर्षं गिऱ्हाइकाला विचारते, "अस्तर स्किनच लावू ना?" आणि बायका म्हणतात, "हो, स्किनच लावा." त्यातल्या निम्म्या बायका माझ्या पोरीएवढ्या काळ्या. तो गुलाबी तुकडा त्यांच्या दंडावर ठेवून मी टाचण्या लावल्यात, आणि एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही की हा रंग हिचा नाही. त्यांच्याही डोक्यात आलं नाही. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात, इथं तर मुसळाचा अख्खा तागा माझ्या मांडीवर होता.

आणि तेवढंच नाही. पोर जन्मली तेव्हा माझी मावशी बघायला आली, दुपटं सरकवलं आणि म्हणाली, "रंग बापाचा घेतला गं." मी भांडले नाही. मी म्हणलं, "मोठी झाली की उजळेल." तेव्हापासून आठ वर्षं मी तेच म्हणत आले. बेसन-हळद लावली, साय लावली. उन्हात खेळू नको, काळी पडशील, हे तर रोजचं. तिनं दगड हातात घेतला तो कुणाकडून शिकली, हे विचारायला मला मॅडमकडं जायची गरज नव्हती.

पण राग काही कमी झाला नाही. उलट वाढला, कारण आता त्यात माझाही वाटा होता.

बुधवारी तिला शाळेतून अर्ध्या दिवसात काढली, इनर पिशवीत घातलं आणि आम्ही दोघी शहरात गेलो. गुलमंडीजवळ रंगारगल्लीत एक म्हातारे रंगारी चाचा आहेत. ओढणी ड्रेसला मॅच करायची असली की आम्ही शिवणाऱ्या बायका त्यांच्याकडं जातो. त्यांची एक पद्धत आहे. फोनमधला फोटो दाखवला की ते तोंड फिरवतात. "फोटू नक्को. फोटू झूट बोलता. नमुना लाओ." ज्या रंगाची ओढणी पाहिजे त्या कापडाचा तुकडा हातात द्यायचा. तो तुकडा ते दुकानात बघत नाहीत, दारात उन्हात आणून बघतात, ओला करून बघतात, वाळवून बघतात. मग रंग कालवतात. आणि आपल्याला पाहिजे तसा उतरला नाही तर परत नव्यानं करतात, कितीही वेळ लागो.

मी इनर त्यांच्या पुढ्यात ठेवलं. म्हणलं, हे रंगवायचं.

त्यांनी बोटांत चुरगळून बघितलं. "नायलॉन है. पकडेगा. पर जादा उबाला तो इसका ताण जाएगा." मग हात पुढं केला. "नमुना किधर है?"

मी पोरीला पुढं ढकललं. "ये है."

मला भीती होती की ते हसतील, किंवा त्याहून वाईट, चक्-चक् करतील. त्यांनी काहीच केलं नाही. चष्मा काढला, कुडत्याला पुसला, परत घातला आणि म्हणाले, "धूप में लाओ."

पोरीनं हात पाठीमागं नेले. त्या शनिवारपासून तिला ती सवयच लागली होती. चाचा दाराच्या पायरीवर बसले आणि त्यांनी आपला हात तिच्यापुढं धरला. मनगटापर्यंत जांभळा, बोटांच्या पेरांत निळा, नखं हिरवी. ती बघतच राहिली. मग हळूच विचारलं, "तुमचा खरा रंग कोणता हाय?"

"मेरेकू भी याद नहीं, बेटा," ते म्हणाले. "कायकू बोलू झूट."

तिनं हात पुढं केला.

त्यांनी तो उलटा केला, पालथा केला, कोपर वाकवून बघितलं. मग मला म्हणाले, "कौनसा मिलाऊं? हथेली अलग है, कोहनी अलग, कलाई के अंदर का अलग. एक आदमी में चार-पाँच रंग रहते." आठ वर्षं मी तिच्या अंगाला एकच रंग समजत होते आणि तोही चुकून जास्त पडलेला. चाचांनी तोच प्रश्न तिला विचारला. ती म्हणाली, "हे," आणि पंजाची मागची बाजू दाखवली. जिथं घासलं होतं ती जागा अजून थोडी खरबरीत होती. "इथं बाही संपते."

मी आतल्या शिवणीतून बोटभर कापड कापून दिलं. त्याचे त्यांनी चार तुकडे केले, छोट्या पातेल्यात पाणी तापवलं, सिरका टाकला, रंगाच्या डब्यांतून चिमटीनं पूड घेतली. पहिला तुकडा बाहेर काढला तो विटेसारखा लाल. इस्त्रीनं वाळवला, तिच्या हातावर ठेवला. लालच. पोरीनं हात मागं घेतला आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "मम्मी, माझा हातच लई काळा हाय."

चाचांना मराठी नीट कळली. तुकडा कोपऱ्यात फेकला आणि हात परत मागितला. "नमुना गलत नहीं रहता, बेटा. रंग गलत रहता. चालीस साल में एक बार भी नमुना गलत नहीं निकला."

दुसरा तुकडा पार चॉकलेटी झाला. तिसरा जवळ आला. मी म्हणणार होते, चालेल, एवढा तर चालेल. पण पोरीनं तो हातावर ठेवला, उन्हात दोन पावलं गेली, मान तिरकी केली आणि म्हणाली, "थोडा पिवळा टाका." चाचांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि चिमूटभर पिवळा टाकला. चौथा तुकडा हातावर ठेवला तेव्हा मला त्याची कड शोधावी लागली. चाचा म्हणाले, "अब बोल, हाथ किधर खतम हुआ, कपडा किधर शुरू." तिनं डोळे मिटले आणि बोटानं चाचपून कड दाखवली. तेव्हा ती हसली. शनिवारपासून पहिल्यांदा.

चाचांच्या दुकानात भिंतीवर एक फळी आहे. तिच्यावर जमलेल्या रंगांचे तुकडे टाचणीनं लावलेले असतात आणि खाली नावं, प्याजी, अंगूरी, बदामी, कत्थई. अख्खं इनर त्याच रंगात काढून झाल्यावर तो चौथा तुकडा त्यांनी तिथं लावला. याचं नाव काय लिहू, असं विचारलं तर पोर लाजली. मग त्यांनी तिचं नाव विचारून तेच लिहिलं, उर्दूत. ती परत येईपर्यंत रिक्षात मला विचारत होती की आपलं नाव उजवीकडून वाचायचं ना.

गुरुवारी रंगीत तालीम होती. सगळ्या पोरी फ्रॉक घालून उभ्या. मॅडम एकेकीला तपासत आल्या, अंबाडा, जाळी, बूट. माझ्या पोरीपाशी थांबल्या.

"इनर कुठंय हिचं?"

"घातलंय," मी म्हणलं.

त्या वाकल्या, जवळून बघितलं. आणि काय म्हणाल्या असतील. म्हणाल्या, "ताई, हे तर उघडंच दिसतंय. पालक काय म्हणतील?"

शेजारी जी पोर उभी होती ती गोरीपान, आणि तिच्या अंगाला तो गुलाबी रंग असा बसला होता की तीही उघडीच दिसत होती. पण तिला कोणी उघडी म्हणलं नव्हतं. अंग झाकलेलं असून दिसू नये, याच्यासाठीच तर तो नियम होता. गोरीच्या अंगावर दिसेना तर काम नीट झालं, आणि काळीच्या अंगावर दिसेना तर लोक काय म्हणतील. मी तोंड उघडलंच होतं, आणि जे निघणार होतं ते लेकरांसमोर बोलण्यासारखं नव्हतं.

त्याआधी पोरच बोलली. शाळेत जी कोपरा धरून बसते ती. तिनं दंडावरची बाही चिमटीत धरली, ताणली आणि म्हणाली, "कापड हाय, मॅडम. ओढून बघा."

मॅडमनी खरंच ओढून बघितलं. सोडलं तसं ते चट्कन जाऊन बसलं. दोन पोरी फिदीफिदी हसल्या, मग सगळ्या आपापल्या बाह्या ओढून सोडायला लागल्या. हॉलभर चट् चट् आवाज. मॅडम हसल्या नाहीत. घड्याळ बघितलं, मधल्या जागी ती दुसरी पोर स्वतःशी स्टेप घोकताना परत सहाव्या मोजणीशी अडली होती तिच्याकडं बघितलं, आणि म्हणाल्या, "बरं. उभी राहा तुझ्या जागेवर."

कार्यक्रमाच्या दिवशी मी मेकअपवाल्याजवळून हलले नाही. तो सगळ्यांना एकाच डब्यातून पांढरं थापत होता. मी म्हणलं, हिला फक्त काजळ. तो म्हणाला, ताई, लाइटमध्ये दिसणार नाही. म्हणलं, बघू या. हे पाळी बदलून आले होते, चौथ्या रांगेत बसले. पडदा उघडला आणि माझी पोर पहिल्या ओळीत मधोमध होती, आणि लख्ख दिसत होती. तिचे हात वर गेले की ते खांद्यापासून बोटांपर्यंत एकच हात होते. पूर्ण नाचात ती एकदाही चुकली नाही. यांनी रुमाल काढून नाक पुसलं.

पण एक सांगते. माझा डोळा मागच्या ओळीकडं पण जात होता. तिथं अजून दोन पोरी होत्या, गुलाबी बाह्यांच्या टोकाला काळे हात. त्यांना आधीपासूनच मागं ठेवलेलं, त्यामुळं त्यांच्यासाठी कोणी भांडलं नव्हतं. मी माझ्या एकटीच्या लेकराचं भागवून गप्प बसले होते. कल्पना माझी, नियम माझ्यामुळं, आणि तोडगा फक्त माझ्या घरापुरता. बाहेर पडताना त्यातल्या एकीच्या आईनं विचारलं, तुमच्या पोरीचं इनर कुठून आणलं हो. तिला मी रंगारगल्ली सांगितली, तिच्या घरापर्यंत बरोबर जाऊन सांगितली. उशीरच झाला होता, पण सांगितली.

पंधरा दिवसांनी क्लासनं सगळ्यांना ग्रुपचा फोटो वाटला, काच लावून, चौकटीत. पोर घेऊन आली तेव्हा मी मशीनवर होते. फोटोग्राफरनं कॉम्प्युटरवर आपली कारागिरी केली होती. सगळ्या पोरी दुधात बुडवून काढलेल्या. माझी पण. तोंड, मान, हात, आणि चाचांनी चौथ्या तुकड्याला जमवलेली ती बाहीसुद्धा, सगळं एका गुलाबी रंगाचं.

आणि खोटं कशाला बोलू. फोटो हातात घेतला तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "किती गोड दिसते गं."

आठ वर्षांची जीभ. एवढं सगळं झाल्यावर सुद्धा ती तिच्या जुन्या वाटेनं गेली.

पोरीनं फोटो माझ्या हातातून घेतला. दारात गेली, उंबऱ्याच्या बाहेर, जिथं चारचं ऊन येतं. फोटो मांडीवर आडवा ठेवला, काचेवर स्वतःच्या चेहऱ्याशेजारी पंजा पालथा टेकवला आणि मान तिरकी करून बघितलं. चाचा बघतात तसं, घाई न करता.

"मम्मी, रंग चुकलाय."

"अगं, फोटो असतात असेच," मी म्हणलं. "सगळ्यांचाच तसा आहे. राहू दे, पप्पा संध्याकाळी खिळा ठोकणार आहेत."

"चुकलाय," ती म्हणाली. "नमुना बघ की." आणि हात माझ्यापुढं केला.

त्या पंजाच्या मागं मी आठ वर्षं साय चोळली होती. तिथंच तिनं दगड घासला होता. आता ती तो हात उन्हात धरून उभी होती, मागं नेत नव्हती, आणि वाट बघत होती की मी नीट बघेन.

मी बघितलं. म्हणलं, "व्हय. चुकलाय."

"मग परत करायला द्यायचा."

मॅडम काय म्हणतील ते मला ठाऊक होतं. मी मशीनवरून उठले. तिनं चपला घातल्या, फोटो काखेत धरला आणि माझ्या आधीच गल्लीत उतरली. मी दाराला कडी लावली आणि तिच्या मागं निघाले.